हरभऱ्याचं पोतं आणि पाणवठ्यावरची रोही

बुद्धपौर्णिमेच्या रात्री गौताळा अभयारण्यात मचाणावर बसलं की पहिला तास कानांचाच असतो. वाळक्या पाचोळ्यात काही चुरचुरतं, टिटवी ओरडते, पाण्याच्या कडेला काळं काहीतरी हलतं. चांदणं वर चढलं की त्या काळ्याची रानडुकरं होतात. मांडीवरच्या तक्त्यात वेळ, प्राणी, संख्या, पिल्लं लिहायची. बोलायचं नाही, बॅटरी लावायची नाही.

ही रात्र निवडण्याचं कारण साधं आहे. वैशाखात ओढेनाले आटलेले असतात, उरलेल्या पाण्यावर जनावराला यावंच लागतं आणि पौर्णिमेचा उजेड आयता मिळतो. पण सकाळी खाली उतरलं की गावात रोहीबद्दल, म्हणजे नीलगाईबद्दल, हमखास विचारतात, "मग जंगलात रोही किती?" याचं उत्तर तक्त्यात नसतं. एकच रोही रात्रीतून दोनदा पाण्यावर येते. तरसाची जोडी पलीकडच्या शेततळ्यावर पाणी पिऊन गेलेली असते. आदल्या दिवशी अवकाळी पडला तर डबकी भरतात आणि मचाणावरची माणसं जवळपास कोरा तक्ता घेऊन परततात. वन विभाग आता या रात्रीला 'निसर्गानुभव' म्हणतो, ते योग्यच आहे. माणसाला जंगलाची ओढ लावायला यासारखी रात्र नाही; मोजायला मात्र वेगळी रीत लागते.

ती घरी करून बघता येते. हरभऱ्याच्या पोत्यातून 100 दाणे काढा, कुंकू लावा, परत टाकून पोतं चांगलं हलवा. पुन्हा 100 दाणे काढा. त्यात 5 लाल निघाले, म्हणजे विसात एक लाल. एकूण लाल 100, तर पोत्यात साधारण 2000 दाणे. वाघाला कुंकू लावायची गरज नसते, त्याचे पट्टे जन्मापासून त्याचे एकट्याचे असतात, म्हणून फोटोत तोच वाघ पुन्हा आला की ओळखता येतो. 2006 पासून देशातली व्याघ्रगणना पावलांचे ठसे सोडून कॅमेऱ्यांकडे वळली ती यामुळेच. त्या फेरीचा 1411 वाघ हा आकडा गाजला, पण अहवालात सोबत अंदाजाची 1165 ते 1657 अशी मर्यादाही होती. मला ती मर्यादा आकड्याहून मोलाची वाटते. 2021 मध्ये गौताळ्यात वाघ कॅमेऱ्यात आला, तो यवतमाळच्या टिपेश्वरचा आहे हेसुद्धा पट्ट्यांनीच सांगितलं.

रोहीला पट्टे नाहीत. तिथे ठरलेल्या वाटेने चालायचं आणि दिसलेल्या प्रत्येक कळपाचं वाटेपासूनचं अंतर लिहायचं. वाटेपासून लांब जावं तशी जनावरं कमी दिसत जातात. ती किती झपाट्याने कमी होतात, त्यावरून नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज बांधतात.

जानेवारीत पैठणला नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पाणपक्ष्यांची मोजणी होते. आशियाभर ही मोजणी 1987 पासून चालू आहे. इथे सगळ्यात दमवतो तो वारकरी: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि थवा असा दाट की पाणी दिसू नये. नाथांच्या पैठणात या पक्ष्याचं हे नाव घेताना मला दरवेळी बरं वाटतं. आधी 100 पक्षी एकेक करून मोजायचे, तेवढ्यांनी पाण्याचा केवढा तुकडा व्यापला ते नजरेत धरायचं आणि तेच माप थव्यावर फिरवायचं. चूक होतेच. पण दरवर्षी तोच काठ, तीच वेळ, तीच रीत ठेवली तर चढउतार कळतो. थापट्या बदक दिसलं नाही, तर त्याच्यापुढे 0 लिहायचा. हा 0 लिहायचा लोक कंटाळा करतात, आणि पक्षी कधी नाहीसा झाला हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल 30 हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. ज्या 338 प्रजातींचा दीर्घ काळातला कल त्यातून काढता आला, त्यांतल्या 60 टक्के घटल्या आहेत.

गेल्या खेपेला गाळपेऱ्यातले, म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारे, एक शेतकरी दुर्बिणीपाशी येऊन थांबले. म्हणाले, "तुम्ही एक दिस मोजता सर, ते हंस रातीला आमच्या हरभऱ्यात उतरतेत." ते ज्यांना हंस म्हणत होते ते पट्टकादंब रात्री पिकात चरतात हे खरं आहे, आणि आमच्या तक्त्यात ती रात्र नव्हतीच. त्यांनी घरी नेऊन दाराआडचं कॅलेंडर दाखवलं. दुधाचा हिशेब, गॅस टाकीची तारीख, आणि मधल्या एका चौकोनात निळ्या पेनने: 'हंस आले'. मागच्या वर्षीचं कॅलेंडरही त्याच खिळ्याला, खाली अडकवलेलं होतं.