घरात सापडलेलं जुनं मिलिट्री डिस्पोजलचं कॅम्पिंग सामान कसं ओळखायचं

सैन्याने वापरून काढून टाकलेलं, किंवा जास्तीचं झालं म्हणून कोरंच विकून टाकलेलं सामान म्हणजे आपल्याकडचा डिस्पोजलचा माल. तंबू, पिट्ठू (पाठीवरची सॅक), पाण्याची बाटली, मेस टिन (जेवणाचा डबा), ग्राउंडशीट (जमिनीवर अंथरायचं कापड), होल्डॉल, जेरीकॅन, कांबळी असं सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात हे सामान घरात यायच्या मुख्य वाटा दोन. एक म्हणजे घरातलंच कोणीतरी फौजेत होतं, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे असं घर शोधावं लागत नाही, साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच मिलिटरी जोडलेलं आहे. दुसरी वाट बाजाराची, म्हणजे पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि कॅन्टोन्मेंटच्या आसपासची भंगारवाली दुकानं. ट्रेकिंगचं सामान आजच्यासारखं मॉलमध्ये मिळत नव्हतं त्या काळात सह्याद्रीत फिरणाऱ्या पोरांची सॅक न् बाटली बऱ्याचदा इथूनच आलेली असायची.

माळ्यावर असलं काही सापडलं की घरात पहिलं वाक्य येतं ते "आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात वापरलेलं". कधी ते खरंही असतं, मराठा पलटणी आफ्रिकेत, इटलीत लढल्यात, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतल्याच लढाईसाठी मिळाले (१९४४ आणि १९४५). पण बहुतेक वेळा वस्तू त्यानंतरची निघते, आणि काही वेळा तर सैन्याची नसतेच, हिरवा रंग मारलेला बाजारू माल असतो. म्हणून रंगावर जाऊ नका, रंग कोणीही देतं.

आधी ट्रंक वाचा

सामान ट्रंकेत असेल तर आतलं उपसायच्या आधी झाकण आणि बाजू बघा, पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव, युनिट लिहिलेलं असतं. नंबराच्या आधी "आयसी" असेल तर कमिशन्ड ऑफिसर, "जेसी" असेल तर नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्यापैकी कोणीतरी, नुसताच आकडा असेल तर बहुधा जवान, नायक किंवा हवालदार. "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" हा फौजेच्या टपालाचा पत्ता आहे, त्यावरून माणूस कुठे होता ते कळत नाही, कारण ते कळू नये म्हणूनच तो पत्ता ठेवलेला आहे.

पलटणीच्या नावावरून काळ बऱ्यापैकी सापडतो. १९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणींची मिळून पाचवी महरट्टा लाइट इन्फंट्री झाली, त्यामुळे जुन्या ट्रंकेवर "१/५" असं दिसलं तर ती पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन, आणि हा ५ चा आकडा १९४० च्या दशकात गळाला. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली, म्हणजे हे नाव असलेली ट्रंक त्याच्या आधीची असू शकत नाही (१११ महार्स नावाची पलटण पहिल्या महायुद्धात होती, ती वेगळी). बटणांवर न् बॅजवर राजमुकुट असेल तर २६ जानेवारी १९५० च्या आधीचं, अशोकस्तंभ असेल तर नंतरचं. मात्र ट्रंक आणि आतला माल एकाच काळातला असेल असं धरून चालू नका, ट्रंक पन्नास वर्षं घरात असते आणि त्यात कोण काय टाकेल त्याचा नेम नाही.

बाण

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बाण, तीन रेघा वर एका टोकाला मिळालेल्या, अगदी कावळ्याच्या पायासारखा. ब्रिटिश सरकारी मालमत्तेची ही खूण, इंग्लंडच्या मालावर नुसता बाण, कॅनडाच्या मालावर इंग्रजी सी अक्षराच्या आत बाण, आणि हिंदुस्थानच्या मालावर बाणासोबत इंग्रजी आय. बाण आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही राहिला, आजही लष्करी गाडीच्या नंबरप्लेटवर दिसतो, त्यामुळे नुसत्या बाणावरून "ब्रिटिशकालीन" म्हणता येत नाही, शेजारचं साल शोधावं लागतं. १९४२, १९४३ असं पूर्ण साल किंवा शेवटचे दोनच आकडे, आणि सोबत बनवणाऱ्याचं नाव किंवा आद्याक्षरं. कापडी वस्तूत हा शिक्का फ्लॅपच्या आतल्या बाजूला काळ्या शाईत असतो आणि धुऊन धुऊन पुसट झालेला असतो, मोबाइलचा टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून तिरका मारला की अक्षरं उमटतात. मेस टिनला हँडल जिथे बसवलंय तिथे बघा, काजळीखाली असेल तर नुसत्या ओल्या फडक्याने पुसा, तारेची घासणी आणि पितांबरी मारलीत तर साल गेलंच समजा.

स्वतंत्र भारतातला कापडी माल बराचसा कानपूर आणि शहाजहानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचा. कानपूरची आधीची हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी म्हणजेच पुढची ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरी. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून हे कारखाने ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेले, तेव्हा हे नाव दिसलं तर वस्तू कालपरवाची.

वस्तू हातात घेऊन

पिट्ठू आणि हॅवरसॅक (छोटी पिशवी) बऱ्याचदा १९३७ पॅटर्नचे, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या १९३७ च्या नमुन्याचे निघतात. जाड सुती वेबिंगचे (घट्ट विणलेल्या पट्टीचे) पट्टे, पट्ट्यांच्या टोकांना पितळेच्या टोप्या, पितळेची बकलं. हा पॅटर्न आपल्या फौजेत १९६२ आणि १९६५ च्या लढायांतही होता, त्यामुळे पॅटर्न ओळखला म्हणून काळ ओळखला असं होत नाही. भारतात बनलेलं वेबिंग इंग्लंडच्यापेक्षा जरा जाडंभरडं. नकली मालात पितळेऐवजी पत्र्याला पिवळा मुलामा असतो, चुंबक लावा, चिकटला तर पितळ नाही. (अस्सल मालातही युद्धकाळात पितळ वाचवायला काही ठिकाणी लोखंड वापरलंय, म्हणून एका चुंबकावर निकाल देऊ नका.)

पाण्याची बाटली ओळखायला सोपी: पत्र्याची, वरून निळ्या किंवा खाकी एनॅमलची, अंगावर खाकी लोकरी कापड शिवलेलं, तोंडाला सुतळीने बांधलेलं बूच, आत साधारण लिटरभर पाणी. लोकरी कापड ओलं ठेवलं की पाणी गार राहायचं. बूच काढून आत टॉर्च मारा, एनॅमलचे टवके उडून गंज दिसत असेल तर ती बाटली शोभेचीच, पाणी भरायला नाही. हिरवी प्लास्टिकची बाटली बरीच नंतरची.

तंबूंची नावं वजनावरून, ४० पाउंडी, ८० पाउंडी, १८० पाउंडी वगैरे. मोठा चौकोनी दुहेरी छताचा, आतून बऱ्याचदा पिवळं अस्तर, तो ईपीआयपी, म्हणजे युरोपियन प्रायव्हेट्स इंडियन पॅटर्न. साध्या गोऱ्या शिपायासाठी काढलेला हा तंबू आज पूर-भूकंपाच्या मदत छावण्यांत दिसतो. घरात अख्खा तंबू क्वचितच सापडतो, सापडतात त्या खुंट्या, दोऱ्या आणि पावसाळ्यात लाकडांवर टाकलेला छताचा एखादा पाखा. जुनं कॅनव्हास डिटर्जंटने धुऊ नका, वॉटरप्रूफिंग निघून जातं, ब्रशने झटकून सावलीत वाळवा.

जेरीकॅन मुळात जर्मन डिझाइन, १९३७ चं, २० लिटरचं, वर तीन हँडल, दोघांना मिळूनही उचलता यावा म्हणून. पेट्रोल किंवा रॉकेलचा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला वापरू नये.

परदेशातला माल

अमेरिकेत राहणाऱ्यांना गराजमध्ये किंवा गराज सेलला असला माल मिळतो आणि तो वाचायला आपल्या मालापेक्षा सोपा. लेबलवर ११ आकडी स्टॉक नंबर असेल तर साधारण १९७४ च्या आधीचा, १३ आकडी असेल तर नंतरचा. पहिले चार आकडे प्रकार सांगतात, ८४६५ म्हणजे सैनिकाचं वैयक्तिक सामान, ८३४० म्हणजे तंबू-ताडपत्री. कॉन्ट्रॅक्ट नंबर "डीएसए-१००-६९" असा सुरू होत असेल (डीएसए म्हणजे तिथल्या फौजेला माल पुरवणारी सरकारी संस्था, पुढे तिचंच नाव डीएलए) तर ते १९६९ चं आर्थिक वर्ष. डीएसएच्या जागी डीएलए दिसलं तर १९७७ किंवा नंतरचं.

हात लावायच्या आधी

गॅस मास्क सापडला तर तोंडाला लावून फोटो काढायचा मोह आवरा, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. बंद पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि पोरांच्या हाती देऊ नका. जुन्या प्रिझमॅटिक कंपासच्या (होकायंत्राच्या) तबकडीवर रेडियमचा रंग असू शकतो. आता चमकत नाही म्हणून तो निवला असं नाही, चमक देणारा पदार्थ संपतो पण रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, म्हणून काच उघडून खरवडू नका. छोट्या घडीच्या शेगडीसोबतच्या पांढऱ्या वड्या कापूर नाहीत, हेक्झामाइन (घन इंधन) आहे, तिचा धूर बंद खोलीत वाईट आणि वडी पोटात गेली तर आणखी वाईट. काडतूस, ग्रेनेडसारखं काही दिसलं तर ते हलवायचं नाही, सगळ्यांना खोलीबाहेर काढून ११२ ला फोन करायचा. संगीन निघाली तर लायसन्सचं काय ते पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. जुना युनिफॉर्म घरात जपून ठेवायला हरकत नाही, पण तो घालून सैनिक असल्याचं भासवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.