एक संचालक, किती खुर्च्या?

आमच्या सांगलीकडं एकच माणूस साखर कारखान्यावर संचालक, बँकेवर संचालक, शिक्षण संस्थेच्या बॉडीवर आणि वर दूध संघातही, यात कुणाला काही नवल वाटत नाही. मागं एका पतसंस्थेच्या मीटिंगला मी टिपणं घ्यायला बसलो होतो. थकबाकीची यादी टेबलावर आली आणि तेवढ्यात एका संचालकांना दुसऱ्या संस्थेच्या मीटिंगचा फोन आला, मग त्यांनी उभ्या उभ्या प्रोसिडिंग बुकात सही केली, यादीचं पहिलं पानसुद्धा न उलटता, आणि गाडी विश्रामबागकडं निघून गेली. माणूस हुशार आणि सचोटीचा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या यादीकडं बघायला त्यांच्याकडं वेळच नव्हता.

मोठ्या कंपन्यांच्या बोर्डाबाबत हाच प्रश्न संशोधक बरीच वर्षं तपासतायत. २००६ मध्ये फिच आणि शिवदासानी यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या बघितल्या. जिथं बाहेरच्या (म्हणजे कंपनीत नोकरी न करणाऱ्या) संचालकांपैकी निम्म्याहून जास्त जण तीन किंवा जास्त बोर्डांवर होते तिथं नफा कमी दिसला, आणि कंपनी घसरत असतानाही सीईओला बदलायची शक्यता कमी दिसली. म्हणजे राखण ढिली पडली.

पण इथं एक अडचण आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कामाचा माणूस असेल त्यालाच चार ठिकाणांहून बोलावणं येतं, मग नुसत्या खुर्च्या मोजून दोष कुणाला द्यायचा, आणि उलट अडचणीतल्या कंपनीला कुणी निवांत चांगला माणूस मिळतच नसेल तर? कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे आकड्यांवरून कळत नाही.

२०१४ च्या एका अभ्यासात यावर वाट काढली. समजा एक संचालक कराडच्या एका कंपनीवर आहे आणि मिरजेच्या एका कंपनीवरही. (खरा अभ्यास अमेरिकेतला, गावं मी आपली धरली.) कराडच्या कंपनीत सीईओ किंवा दुसरा एखादा संचालक अचानक वारला, आणि तिथल्या कमिट्यांचं काम या माणसावर येऊन पडलं. मिरजेत काहीच घडलेलं नाही, ऑर्डरी त्याच, कामगार तेच, फक्त त्या एका माणसाचं लक्ष आता कमी झालंय. तर अशा मिरजेसारख्या कंपन्यांचे शेअर त्या बातमीनंतर खाली आले, आणि संचालक आधीच जितका बिझी किंवा त्याचं पद जितकं महत्त्वाचं तितका फटका जास्त. मृत्यूची वेळ कुणी ठरवत नाही, म्हणून हा पुरावा मला भक्कम वाटतो.

मग जास्त खुर्च्या वाईटच का? तसंही नाही. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले जयती सरकार आणि सुब्रत सरकार यांनी २००९ मध्ये भारतीय कंपन्यांवर लिहिलं, त्यात स्वतंत्र संचालक (म्हणजे कंपनीशी किंवा मालकांशी दुसरा संबंध नसलेले) अनेक बोर्डांवर असणं कंपनीच्या मूल्याला फायद्याचं दिसलं, पण कंपनीच्या आतल्या संचालकांनी बाहेर जास्त पदं घेतली तर उलटं. मला हे पटतं, कारण बाहेरच्या माणसाकडं ओळखी आणि दहा ठिकाणचा अनुभव असतो, पण घर चालवणाराच घराबाहेर राहिला तर कसं चालणार. शेअर बाजारात नव्यानं आलेल्या कंपन्यांनाही असे अनुभवी लोक उपयोगी पडतात असं अमेरिकेत दिसलंय.

आपला २०१३ चा कंपनी कायदा एका माणसाला जास्तीत जास्त २० कंपन्यांत संचालक होऊ देतो, त्यात पब्लिक कंपन्या १०. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं लिस्टेड, म्हणजे बाजारात शेअर असलेल्या, कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२० पासून ही मर्यादा ७ वर आणलीय, आणि जो कुठल्या लिस्टेड कंपनीत पूर्णवेळ संचालक आहे त्याला स्वतंत्र संचालक म्हणून फक्त ३. बोर्डाच्या वर्षाला किमान ४ मीटिंग, आणि सलग १२ महिने एकाही मीटिंगला आला नाही तर पद जातं. म्हणजे वर्षात एकदा तोंड दाखवलं तरी खुर्ची शाबूत, हे मला फारच सैल वाटतं.

शेअर घेणाऱ्यांनी लिस्टेड कंपनीच्या वार्षिक अहवालात कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं पान उघडावं, तिथं प्रत्येक संचालकाच्या नावापुढं किती मीटिंगना हजर होता आणि अजून किती कंपन्यांवर आहे हे छापलेलं असतं. मी आता फोटो आणि चेअरमनचं भाषण सोडून आधी तोच तक्ता वाचतो, आणि हिशेबांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाच्या नावापुढं बोट ठेवून थांबतो.