फ्लॅश-उपलब्धतेची तपासणी (अँड्रॉइड)

फोनच्या कॅमेऱ्याला फ्लॅशचा दिवा आहे की नाही, याची अ‍ॅप चालू असताना कोडमधून करून घेतलेली खात्री. अँड्रॉइड अनेक कंपन्यांच्या लहानमोठ्या उपकरणांवर चालत असल्याने दिवा असेलच असे गृहीत धरता येत नाही. कित्येक टॅबलेटना तो नसतो, आणि फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला असला तरी पुढच्याला बहुधा नसतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पॅकेज मॅनेजर या, उपकरणाची व त्यावरील अ‍ॅप्सची माहिती देणाऱ्या अँड्रॉइडच्या घटकाच्या ‘हॅजसिस्टमफीचर’ या मेथडला (कोडमधून बोलावता येणाऱ्या कृतीला) ‘फीचर कॅमेरा फ्लॅश’ हा स्थिरांक देणे. उत्तर हो किंवा नाही असे मिळते; पण ते संपूर्ण उपकरणाविषयी असते, त्यामुळे सेल्फी कॅमेरा चालू असताना फ्लॅशचे बटण दाखवावे की नाही हे त्यावरून ठरवू नये.

जुन्या कॅमेरा एपीआयमध्ये (अ‍ॅपला कॅमेरा हाताळू देणाऱ्या मेथडच्या संचात) कॅमेरा उघडून ‘गेटसपोर्टेडफ्लॅशमोड्स’ ही मेथड वापरावी लागे. फ्लॅश नसेल तर तिच्याकडून रिकामी यादी नव्हे, तर ‘नल’ (म्हणजे यादीच नाही) परत येते, आणि म्हणून ते न पाहता थेट यादीत डोकावणारा कोड विकसकाच्या स्वतःच्या फोनवर बिनबोभाट चालतो व नेमका फ्लॅश नसलेल्या फोनवर कोसळतो. काही उपकरणे ‘ऑफ’ एवढा एकच मोड असलेली यादीही देत. तिचा अर्थही फ्लॅश नाही असाच घ्यावा लागतो.

अँड्रॉइड ५.० (२०१४) बरोबर आलेल्या कॅमेरा२ एपीआयने हा घोळ बराचसा मिटवला. त्यात प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र आयडी असून त्याच्या गुणवैशिष्ट्यांतील ‘फ्लॅश इन्फो अव्हेलेबल’ हे मूल्य कॅमेरा न उघडताच वाचता येते. कॅमेराएक्स या तयार कोडच्या लायब्ररीत हेच काम ‘हॅजफ्लॅशयुनिट’ करते. सेल्फीसाठी पडदा पांढराशुभ्र उजळवणे हा फ्लॅशचा पर्याय आहे, दिवा नव्हे.

दिवा असणे आणि तो या क्षणी वापरता येणे, या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून ‘सेटटॉर्चमोड’ने टॉर्च लावता येतो, तरी दुसरे अ‍ॅप कॅमेरा वापरत असल्यास अपवाद (कोड चालताना आलेल्या अडचणीची सूचना) फेकला जातो, आणि तो झेलण्याची तजवीज कोडमध्ये असावी लागते. आयफोनच्या एपीआयमध्ये हा भेद उघडच केलेला आहे: ‘हॅजफ्लॅश’ दिव्याचे अस्तित्व सांगते, तर ‘इजफ्लॅशअव्हेलेबल’ त्याची सद्यःस्थिती, कारण फोन फार तापल्यास फ्लॅश तात्पुरता बंद राहू शकतो.

अ‍ॅपच्या गरजा नोंदवणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये फ्लॅश अनिवार्य म्हणून नोंदवल्यास, तो नसलेल्या उपकरणांना प्ले स्टोअर ते अ‍ॅप देतच नाही. फ्लॅश ऐच्छिक असेल तर तेथे ‘रिक्वायर्ड’चे मूल्य ‘फॉल्स’ ठेवतात आणि तपासणी कोडवर सोपवतात.