उत्पादकतेचा आकडा: अंश सगळे बघतात, छेद कोण बघतो?

मधूनमधून बातमी येते की देशाची उत्पादकता अमुक टक्के वाढली, किंवा आपला कामगार अमुक देशाच्या कामगारापेक्षा इतका मागे आहे, आणि मग त्यावर वाद सुरू होतात, कोण म्हणतं लोक आळशी, कोण म्हणतं सरकार नालायक. पण उत्पादकता कुणी कुठे जाऊन मोजत नाही हो. ती काढली जाते. आधी भागाकाराने, आणि जरा खोलात जायचं असेल तर वजाबाकीने. आणि शेती, कारखाने, बँका या प्रत्येक ठिकाणी हे गणित वेगवेगळ्या जागी कच्चं पडतं, त्यामुळे अख्ख्या देशाचा एकच आकडा तोंडावर फेकला की मी आधी विचारतो, कुठल्या उद्योगातला?

भागाकार सोपाय. वर्षभरात किती मूल्य तयार झालं भागिले किती माणसं राबली. हे मूल्य म्हणजे विक्री नव्हे बरं का, साखर कारखान्याने शंभर कोटींची साखर विकली तर त्यातून ऊस, वीज, केमिकल, पोती यांचा खर्च वजा करून जे उरतं ते, नाहीतर तोच ऊस शेतीत एकदा आणि साखरेत परत एकदा धरला जाईल. आता २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात देशातले ४६.१ टक्के कामकरी शेती आणि संलग्न कामात होते, आणि शेतीचा एकूण मूल्यातला वाटा होता साधारण १८ टक्के. म्हणजे निम्म्याला थोडी कमी माणसं मिळून पाचव्या हिश्श्याएवढंही तयार करत नाहीत, आणि बाकीच्या क्षेत्रातला सरासरी माणूस शेतीतल्या माणसाच्या जवळपास चौपट मूल्य काढतो. यात शेतकऱ्याच्या मेहनतीचा काही संबंध नाही, ज्या दोन एकरांना दोन माणसं पुरतात तिथे चार जण राबतायत एवढंच.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. समजा शंभर जणांच्या देशात ५० जण शेतीत वर्षाला एकेक लाखाचं मूल्य तयार करतात आणि ५० जण कारखान्यात चार-चार लाखांचं. सरासरी अडीच लाख. आता शेतीतले १० जण कारखान्यात गेले आणि तिथेही चार-चार लाखच काढायला लागले, तर एकूण होतात २८० लाख, सरासरी २.८ लाख. उत्पादकता १२ टक्के वाढली! ना शेतात नवं बियाणं आलं ना कारखान्यात नवं मशीन, माणसं फक्त इकडची तिकडे गेली. चीन, कोरिया, तैवान यांच्या वाढीचा एक मोठा भाग असाच झालाय. आणि आपल्याकडे कोविडमध्ये बरोबर उलटं झालं, २०१८-१९ ला शेतीत ४२.५ टक्के लोक होते, ते २०१९-२० ला ४५.६ आणि २०२०-२१ ला ४६.५ टक्के झाले. शहरातली कामं बंद, गडी गावाकडे, आणि २०२३-२४ पर्यंत तरी तो आकडा पूर्ण खाली आला नव्हता. शिवाय शेती सोडलेला माणूस जातो कुठे हेही महत्त्वाचं, कारण बरेच जण कारखान्यात जात नाहीत, बांधकामावर जातात. बांधकाम हे उत्पादकतेच्या बाबतीत जगभरच रखडलेलं क्षेत्र आहे, अमेरिकेत तर २०२० साली बांधकामातल्या एका माणसामागचं मूल्य १९७० पेक्षा सुमारे ४० टक्के कमी भरलं, आणि अर्थतज्ज्ञांनी मोजणीतली चूक शोधायचा बराच प्रयत्न केला तरी तो खड्डा काही बुजला नाही.

पण मुळात छेदात कोण बसलंय ते तरी आपल्याला नीट माहीत आहे का? आपल्याकडे वर्षभरात दुय्यम काम म्हणून ३० दिवस जरी कुणी राबलं तरी ती व्यक्ती कामकरी धरली जाते. म्हणजे कंपनीत वर्षभर रोज दहा तास बसणारा एक, आणि घरच्या शेतात फक्त खुरपणी-काढणीला जाणारी वहिनी, तीही एक. १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ ला ४१.७ टक्के झाला, आणि ही वाढ मोठ्या प्रमाणात घरच्या शेतीत नाहीतर स्वतःच्या छोट्या धंद्यात आहे. आता सहा वर्षांत एवढ्या बाया नव्याने कामाला लागल्या, का त्या आधीपासून राबतच होत्या आणि आता मोजल्या जातायत, यावर तज्ज्ञांचे वाद चालूयत (कुठल्याही गावात विचारलं तर उत्तर काय मिळेल ते तुम्हालाही ठाऊक आहे). पण गणिताला त्याचं काय, छेद फुगला की एका कामकऱ्यामागची उत्पादकता घसरलेली दिसते, शेतात पीक तेवढंच आलेलं असलं तरी. म्हणून माणसांऐवजी कामाचे तास घ्यावेत असं म्हणतात, ते बरोबरच आहे, पण शेतकऱ्याच्या तासांची नोंद कुठलं पंचिंग मशीन ठेवणार?

आता वजाबाकी. मजुराच्या हातात फावडं होतं, मालकाने जेसीबी आणला, एका माणसामागचं काम शंभरपट झालं, मग उत्पादकता शंभरपट वाढली म्हणायची का? जेसीबीला पैसे लागलेच ना. म्हणून रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञाने १९५७ साली असं मांडलं की उत्पादनातल्या वाढीतून माणसांच्या वाढीचा वाटा काढा, भांडवलाच्या वाढीचा वाटा काढा, आणि जे उरेल ती खरी कार्यक्षमतेची वाढ. त्याने अमेरिकेची १९०९ ते १९४९ ही वर्षं घेतली, तर दर तासाच्या उत्पादनातल्या वाढीचे आठातले सात भाग या उरलेल्या रकान्यात आले! म्हणजे ज्याचं स्पष्टीकरण नाही तेच सगळ्यात मोठं. त्याच्या आदल्याच वर्षी मोझेस अब्रामोविट्झ या अर्थतज्ज्ञाने अशा शिल्लक आकड्याला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं, आणि मला विचाराल तर त्याहून प्रामाणिक वर्णन अजून कुणी केलेलं नाही. नवं तंत्रज्ञान त्यात, चांगलं व्यवस्थापन त्यात, पाऊस बरा झाला तर तोही त्यात, आणि मोजणीतल्या चुका तर सगळ्याच त्यात.

आपल्याकडे हे काम क्लेम्स नावाच्या डेटाबेसमध्ये होतं, भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा या पाच गोष्टी धरून. मुंबईची रिझर्व्ह बँक तो प्रसिद्ध करते, त्यात अर्थव्यवस्थेचे २७ उद्योग पाडलेत आणि आकडे १९८०-८१ पासूनचे आहेत. सगळ्यांसाठी मोकळा आहे, एक्सेल येत असेल त्याने जरूर उघडून बघावा. त्यात नुसती डोकी मोजत नाहीत, शिक्षणाप्रमाणे मजुरीत फरक पडतो त्या हिशोबाने श्रमाचा दर्जाही धरतात.

पण वजाबाकी करताना श्रमाचा वाटा किती आणि भांडवलाचा किती हे आधी ठरवावं लागतं आणि खरी अडचण तिथेच आहे. समजा उत्पादन ७ टक्के वाढलं, माणसं २ टक्के, भांडवल ८ टक्के. दोघांचा वाटा निम्मा-निम्मा धरला तर ७ वजा १ वजा ४, उरले २ टक्के. श्रमाचा वाटा ६० टक्के धरा, उरतात २.६. भांडवलाचा ६० धरा, उरतात १.४. तोच देश, तेच वर्ष आणि उत्तर जवळपास दुप्पट! कंपनीत पगार वेगळा नफा वेगळा, त्यामुळे वाटा कळतो. पण स्वतःच्या गाळ्यात स्वतः बसणाऱ्या किराणा दुकानदाराची कमाई, त्यातली त्याच्या मेहनतीची किती आणि गाळ्याची किती? तो स्वतःही सांगू शकणार नाही, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त कामकरी असे स्वयंरोजगारवालेच आहेत.

कारखान्यांचे आकडे त्यामानाने बरे, निदान मोठ्या कारखान्यांचे, कारण वार्षिक सर्वेक्षणात त्यांना हिशोब द्यावा लागतो. तिथे गडबड होते ती किमतींची. समजा इचलकरंजीत कुणाचे माग आहेत, वर्षाला १०० चं कापड आणि त्याला ७० चं सूत, मूल्य तयार झालं ३०. पुढच्या वर्षी कापड तेवढंच, भाव तोच, सूतही तेवढंच लागलं पण ते २० टक्के स्वस्त झालं, म्हणून ५६ ला पडलं. आता हातात राहिले ४४. खरं तर मागावर काहीच बदललं नाही, फक्त मार्जिन वाढलं. पण महागाई वजा करताना फक्त कापडाचा भाव बघितला, आणि तो बदलला नाही म्हणून हे ४४ जसेच्या तसे धरले तर मूल्य ४७ टक्के वाढलेलं दिसतं! सुताचा आणि कापडाचा महागाई निर्देशांक वेगवेगळा लावला तरच उत्तर बरोबर येतं, म्हणजे शून्य. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या जीडीपीच्या मालिकेत कारखान्यांना बहुतांशी एकच निर्देशांक लावला जायचा, आणि नेमकं त्याच काळात कच्चं तेल २०१४ च्या मध्यात पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं ते जानेवारी २०१६ ला ३० च्या खाली गेलं, म्हणजे त्या सुतासारखाच कच्चा माल स्वस्त झाला. त्या वर्षांतल्या कारखानदारीच्या वाढीवर एवढी टीका झाली त्याचं एक मोठं कारण हे.

आणि सेवा क्षेत्र म्हणजे तर आनंदी आनंद. शेतीत निदान क्विंटल आहेत, कापडात मीटर आहेत, बँकेचं उत्पादन कशात मोजणार? ते मोठ्या प्रमाणात कर्जाचा व्याजदर आणि ठेवीचा व्याजदर यातल्या फरकावरून काढतात. त्यामुळे २००८ च्या शेवटच्या तिमाहीत, लेहमन ही अमेरिकेतली बडी बँक बुडाल्यावर जगातल्या बँका धडाधड कोसळत होत्या, तेव्हा ब्रिटनच्या आकडेवारीत वित्त क्षेत्राचं योगदान विक्रमी वेगाने वाढलेलं दिसलं. जोखीम वाढली, व्याजातली दरी वाढली, आणि गणिताला वाटलं बँका जास्त काम करतायत. उलट आपलं यूपीआय घ्या, २०१६ ला आलं, चहावाल्यापासून सगळे वापरतात, बँकेतल्या रांगा कमी झाल्या, पण ग्राहकाला फुकट, म्हणून थेट हिशोबात जवळपास काहीच दिसत नाही. मोबाइल डेटाचंही तसंच, २०१४ ला एक जीबी अडीचशेच्या वर पडायचा तो २०१८ पर्यंत बारा रुपयांच्या आसपास आला. ही घसरण निर्देशांकात नीट पकडली तर टेलिकॉमची उत्पादकता आकाशाला भिडते, नाही पकडली तर कंपन्यांचा महसूल आटला म्हणून क्षेत्र आजारी दिसतं.

सरकारी कामाचं तर विचारूच नका. तलाठी कार्यालयाचं उत्पादन बाजारात विकलं जात नाही, म्हणून त्याचं मूल्य मुख्यतः पगारावरून धरतात. सातबारा ऑनलाइन झाला, माणसाचे हेलपाटे वाचले, ते यात कुठेच नाही. ब्रिटनने सरकारी सेवांचं उत्पादन कसं मोजावं हे सांगणाऱ्या २००५ च्या अॅटकिन्सन समितीनंतर शस्त्रक्रिया किती झाल्या, किती मुलं शिकली असं प्रत्यक्ष मोजायच्या पद्धती बऱ्याच सुधारल्या, पण तिथेही दर्जा कसा धरायचा हा वाद संपलेला नाही.

राहता राहिला कल. एका वर्षाच्या आकड्यावरून कुणी काही सांगत असेल तर सरळ सोडून द्या, आणि दहा वर्षांचा कल सांगत असेल तर सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष कुठलं ते बघा. २००९ ला पाऊस सरासरीच्या २२ टक्के कमी झाला होता, २०१४ आणि २०१५ ओळीने कोरडी गेली. दुष्काळी वर्षापासून मोजायला सुरुवात केली की शेतीची उत्पादकता झपाट्याने वाढलेली दिसते आणि दुष्काळी वर्षाला संपवली की मार खाते. कोविडचं २०२०-२१ तर जवळपास सगळ्याच उद्योगांसाठी तसलं वर्ष आहे, तिथून पुढची वाढ दाखवणारा ग्राफ कुणी पाठवला तर आधी २०१९-२० चा आकडा मागा.