नदीकाठची वने : सह्याद्रीतील वृक्षांची वाटणी

सह्याद्रीतील नद्या-ओढ्यांच्या काठाने वाढणारे, लगतच्या डोंगरउतारावरील जंगलापेक्षा वेगळ्या झाडांचे पट्टे. कोकणातल्या लहान ओढ्याकाठी हा पट्टा बऱ्याचदा चारदोन झाडांच्या रुंदीचाच असतो. कोणते झाड कुठे उभे राहते, हे पाणी किती मिळते यापेक्षा मुळांना किती दिवस पाण्याखाली काढावे लागतात आणि त्या पाण्याला ओढ किती असते, यावर अधिक ठरते.

घाटमाथ्यावर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिमेकडच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पूर काही तासांत चढतो, तसाच उतरतो. उन्हाळ्यात अनेक ओढ्यांत डोह तेवढे उरतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात याच्या उलट घडते. तिथे ब्राझीलमधील मानाऊस शहराजवळ पाणी सावकाश सरासरी दहाएक मीटर चढते आणि कित्येक महिने ठाण मांडून बसते. तिथल्या झाडाला दीर्घकाळ बुडून राहणे जमावे लागते, इथल्या झाडाला धक्का सोसून पुढे आठ महिने कोरडे दिवसही काढावे लागतात. म्हणून ॲमेझॉनवरून बेतलेली वर्णने सह्याद्रीला जशीच्या तशी लावू नयेत.

पात्राच्या मध्यापासून काठावर चढत गेले की झाडे बदलतात. खडकांच्या फटींत शेरणी असते. हे वृक्ष नव्हे, झुडूप आहे. फांद्या लवचीक, पाने अरुंद, मुळे खडकात घट्ट रुतलेली. पुरात ते आडवे होते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभे राहते. तिथेच जरा कडेला अरुंद पानांचे पाणजांभूळ आणि गाळ साचलेल्या जागी वाळुंज. त्यावर, पूर येतो पण टिकत नाही अशा काठावर उंबर, करंज आणि अर्जुन. आणखी वर जांभूळ, आंबा आणि मग उतारावरचे ऐन-किंजळ. अर्जुन आणि ऐन एकाच प्रजातीतले (टर्मिनॅलिया) सख्खे शेजारी, दोघांची फळे पाच पंखांची. तरी अर्जुन पाण्याशी राहतो आणि ऐन उतारावर चढतो. आकृत्यांत हे पट्टे रेघ मारल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात उभ्या काठाच्या ओढ्यावर ते सगळे पाच-सहा मीटरांत एकमेकांत मिसळलेले आढळतात.

पाणी वाहते आहे की साचले आहे, हा फरक मोठा आहे. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे तुडुंब भिजलेल्या मातीत मुळे गुदमरतात. जंगली जायफळाच्या कुळातील काही झाडांनी यावर तोड काढली आहे. त्यांची मुळे चिखलाबाहेर गुडघ्यासारखी वर येऊन हवा घेतात. संथ ओढ्यांच्या सपाट, दलदली तळाशी असलेल्या या राया मुख्यतः दक्षिण केरळ आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राई प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रायीला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. देवाच्या नावाने राखल्या नसत्या, तर यांतल्या कितीतरी राया भातखाचरांत केव्हाच गेल्या असत्या.

उगमाकडून मुखाकडे होणारा बदल त्यामानाने सरळ आहे. कोकणात खाडी जवळ आली की खारटपणा हाच मुख्य नियम होतो. भरतीचे पाणी जेमतेम पोहोचते तिथे निवर, पुढे चिपी, कांदळ आणि तिवर. घाटाच्या पूर्वेला पाऊस झपाट्याने घटतो, पण करंज, उंबर आणि अर्जुन काठाच्या ओलाव्याने पठारावर दूरवर उतरतात. काठ सोडला की लगेच बाभळीचे राज्य.

बी कसे प्रवास करते यावरही वाटणी अवलंबून असते. करंजाच्या शेंगा आणि निवराची फळे तरंगत खाली जातात. उंबराचे बी पक्षी, वटवाघळे आणि मासेही पसरवतात, म्हणून उंबर प्रवाहाच्या वरच्या अंगालाही पोहोचतो. वाळुंजाच्या कापशी बिया वाऱ्याने उडतात, पण थोडेच दिवस जिवंत राहतात. उघड्या, ओल्या गाळावर पडल्या तरच त्या रुजतात. पुराने नवा गाळ टाकलाच नाही, किंवा वाळू उपसून नेली, तर जुने वाळुंज उभे असूनही त्याची रोपे दिसत नाहीत.

आजच्या वाटणीत माणसाचा हात पुष्कळ आहे. गोवा आणि उत्तर कन्नडमधील कुळागरे नेमकी काठच्या सपाट, ओल्या जमिनीवर उभी राहिली; सुपारी, नारळ आणि मिरीच्या बागांनी मूळ झाडोरा हटवला. मोठ्या धरणांच्या जलाशयांत पातळीचे वेळापत्रकच बदलते. कोयनेचा शिवसागर पावसाळ्यात भरतो आणि वीज व सिंचनासाठी पाणी सोडत उन्हाळ्यापर्यंत उतरतो. पाण्याखाली कित्येक महिने आणि नंतर उघड्या उन्हात अशी स्थिती शेरणीला किंवा अर्जुनालाही मानवत नाही. उन्हाळ्यात जलाशयाभोवती दिसणारा लालसर उघडा पट्टा त्यामुळेच झाडांवाचून राहतो.