छातीच्या क्ष-किरण चित्रावरून विषाणुजन्य न्यूमोनियाचे तीव्रतामापन

विषाणुसंसर्गाने फुप्फुसांत झालेला दाह किती पसरला आहे आणि किती दाट आहे, हे छातीच्या एक्स-रेवरून ठरावीक अंकांत मांडण्याची पद्धत. हे मापन तीव्रतेचे आहे, निदानाचे नव्हे. चित्रातली पांढुरकी छटा विषाणूची, जिवाणूची की हृदय कमकुवत झाल्याने साचलेल्या पाण्याची, हे केवळ अंकावरून ठरत नाही.

या कल्पनेचा उगम बहुधा 1988 मधील मरे गुणांकापर्यंत नेला जातो. त्यात छातीचे चार भाग मोजले जात. मात्र एक्स-रे हा चार घटकांपैकी एकच होता आणि रोख फुप्फुसाच्या तीव्र इजेवर होता, विषाणूंवर नव्हे. 2018 साली अमेरिकी संशोधकांनी मांडलेल्या ‘राल’ गुणांकात प्रत्येक भागातील व्याप्ती (0 ते 4) आणि घनता (1 ते 3) यांचा गुणाकार करून 48 पर्यंत बेरीज होते. हाँगकाँगमध्ये 2020 साली कोविडसाठी वापरलेली प्रत्येक फुप्फुसाला 0 ते 4, एकूण 8 गुणांची श्रेणी ही त्याचीच आटोपशीर आवृत्ती. इटलीतील ब्रेशा येथे त्याच वर्षी तयार झालेल्या ‘ब्रिक्सिया’ गुणांकालाही काही जण याच परंपरेत बसवतात. तो स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्यात व्याप्तीपेक्षा विकृतीच्या प्रकाराला अंक मिळतो.

ब्रिक्सियात प्रत्येक फुप्फुसाचे तीन पट्टे पाडतात. पहिली रेषा महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) कमानीच्या खालच्या कडेवरून, दुसरी उजव्या खालच्या फुप्फुस नीलेच्या खालच्या कडेवरून जाते. विकृती नसल्यास 0. वायुकोशांच्या (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) दरम्यानच्या ऊतकापुरता दाह असल्यास 1. वायुकोशही भरू लागले, पण ऊतकातला दाह अधिक असल्यास 2. भरलेले वायुकोश अधिक असल्यास 3. कमाल बेरीज 18. अहवालात बेरजेपुढे सहाही पट्ट्यांचे अंक लिहितात, उदा., 9 [012123]. ही नोंद मोलाची आहे. नुसत्या ‘9’ वरून आजार दोन्हीकडे विखुरलेला आहे की एकाच फुप्फुसात एकवटलेला, ते समजत नाही.

खाटेपाशी फिरत्या यंत्राने समोरून घेतलेल्या चित्रात हृदय मोठे दिसते. रुग्णाला पूर्ण श्वास घेता आला नाही, तर खालचे पट्टे उगाच पांढरे भासतात. उलट कृत्रिम श्वसनयंत्राच्या दाबाने फुप्फुस फुगले की आजार तसाच असून अंक उतरू शकतो. आरंभीचे चित्र निर्दोष असणेही शक्य असते: हाँगकाँगच्या 64 कोविड रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या एक्स-रेची संवेदनशीलता (आजार असताना चित्रात विकृती दिसण्याचे प्रमाण) 69 टक्के होती आणि विकृतीचा कळस लक्षणांनंतर 10 ते 12 दिवसांनी दिसला. म्हणून एका चित्राच्या अंकापेक्षा सलग चित्रांतील चढउतार आणि रक्तातील ऑक्सिजन यांना एकत्र वाचणे श्रेयस्कर.

महाराष्ट्रात 2021 च्या लाटेत घरोघरी विचारला जाणारा ‘स्कोअर’ बहुतांशी सीटी स्कॅनचा, फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी 5 असा 25 पैकी होता. त्याची 18 च्या एक्स-रे गुणांकाशी थेट तुलना करता येत नाही.

इन्फ्लुएन्झासह तीव्र श्वसनसंसर्गांसाठी 2015 साली पाच पायऱ्यांची श्रेणी सुचवली गेली होती. ब्रेशातील जवळपास 5,000 चित्रांवर संगणकाला ब्रिक्सिया गुणांक देण्याचे प्रशिक्षणही दिले गेले आहे.