टगच्या नाकावरचं रबर

न्हावा-शेव्याच्या जेएनपीए बंदरात कंटेनरचं मोठं जहाज धक्क्याला लागताना इतकं सावकाश चालतं, की त्याचं सुकाणू फारसं ऐकत नाही. मग त्याला बाजूने रेटत धक्क्याशी नेतात त्या टग नावाच्या बोटी, त्याच्यापुढे अगदीच चिमुकल्या दिसणाऱ्या. टगच्या नाकावर जाडजूड काळं रबर बसवलेलं असतं, तो फेंडर. टगला मार लागू नये म्हणून तो असावा, असं पाहणाऱ्याला वाटतं. टगला तो वाचवतोच, पण निवड करताना आधी विचार करावा लागतो समोरच्या जहाजाचा.

मोठ्या जहाजाच्या कुशीचा पोलादी पत्रा साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाड असतो. आतून फासळ्यांचा आधार खरा, पण दोन फासळ्यांमधला पत्रा एकटाच. चौरस मीटरला ढोबळमानाने २० ते ४० टन, एवढाच दाब त्याला मानवतो. आता टग ६० टन जोराने रेटते आहे असं समजा. फेंडर अर्ध्या चौरस मीटरवरच टेकला तर दाब होतो १२० टन, म्हणजे पोचा आलाच. तोच ३ चौरस मीटरवर टेकला तर २० टन. भाकरी बोटाने दाबली तर भोक पडतं, तळहाताने थापली तर पसरते, तसंच हे. म्हणून तर कित्येक जहाजांच्या कुशीवर ठळक रोमन अक्षरांत ‘टग’ असं रंगवलेलं दिसतं. आतून मजबुती दिलेली जागा ती. रेटायचं तर तिथेच.

रेटण्याआधी टेकायचं असतं, आणि तिथे वेगाचा हिशेब येतो. ६०० टनांची टग सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने टेकली, तर सुमारे २७ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, १०८ किलोज्यूल. टगबरोबर ओढलं जाणारं पाणी धरलं तर आणखी जास्त. रबर चेपतं, यातली काही ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि टगला तितक्याच जोराने मागे उसळू देत नाही.

टगच्या नाकावर वरच्या बाजूला बहुधा पोकळ नळकांड्यासारखा फेंडर असतो. तो छान चेपतो, पण सुरुवातीला अरुंद पट्ट्यावरच टेकतो. त्याच्या खाली खाचा असलेले ठोकळे बसवतात. त्यांचा चेहरा सपाट, त्यामुळे दाब पसरतो; खाचांमुळे ते नाकाच्या गोलाईवर वळतातही.

पकड हवीच, पण अति पकडही घातक. लाटेवर टग वरखाली होते, अवजड जहाज जवळजवळ जागचं हलत नाही, आणि मध्ये रबर फरफटतं. घर्षण फार झालं तर ते बोल्टापाशी फाटतं. काही टगवर म्हणूनच फेंडरवर पाण्याचा फवारा सोडायची सोय असते.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचला जुने टायर पुरतात, कारण वजन कमी आणि समोर दगडी धक्का. बंदरातल्या टगला निव्वळ टायरवर भागवू नये असं मला ठाम वाटतं. झिजल्यावर आतल्या तारा बाहेर येतात आणि टांगलेली साखळी जहाजाचा रंग खरवडते.

फेंडरच्या रबरात काजळी मिसळतात, त्याने झीज कमी होते आणि ऊन सोसतं. तरी ओझोनने भेगा पडतात, रबर कडक होत जातं. तपासणीत या भेगा तर पाहाव्यातच, पण बोल्टांची डोकी रबराच्या पृष्ठभागापासून किती खोल उरली आहेत, हे आधी मोजावं. ती वर आली की पोलाद थेट पोलादावर घासतं.